नव्या पत्त्यावरचा पहिला फोटो
मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला की मी कामाला होतो तो लाखनीचा फोटो स्टुडिओ आठवतो. छापायचे फोटो आम्ही नेटवरून नागपूरच्या लॅबला पाठवायचो. लॅबने सर्व्हर बदलला होता, म्हणून त्या दुपारी मी सॉफ्टवेअरमधला जुना पत्ता खोडून नवा टाकत होतो. बाहेर हायवेवरून ट्रक गेला की काउंटरची काच थरथरायची. समोर अड्याळहून आलेले एक काका बसले होते. लेकीच्या तेरवीसाठी तिचा मोठा फोटो हवा होता. कनेक्शन लागलं, मी तिचा फोटो निवडला, तसे संगणकाला उदबत्ती ओवाळणारे मालक थांबले. "काबे, नव्या पत्त्यावर पयलाच फोटो मयताचा कायले पाठवून राहिला? सीझनची बोहनी हाये. आधी एखादा लग्नाचा पाठव." काकांनी ऐकलं. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण ते हळूच म्हणाले, "मंग तिच्याच लग्नातला पाठवा ना भाऊ. तुमीच त काढले होते." मालकांच्या हातातली उदबत्ती तशीच जळत राहिली. मी आधी हळदीने माखलेली, हसणारी ती पाठवली, मग तेरवीसाठी निवडलेली. दोन्हींपुढे फोटो पोचल्याची सारखीच हिरवी खूण आली. आजही कुठला सर्व्हर बदलला की तपासायला मी आधी कोरा पांढरा फोटो पाठवतो. त्यात कोणीच नसतं.