वट्टत्तरा धक्क्यावरची तीन मिनिटं

आमच्या ह्यांना एका जागी बसवायचं औषध अजून निघालेलं नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं दिवसभराची हाउसबोट ठरवून दिली. पुढे वेताच्या दोन आरामखुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर शहाळी. दिवाकरन खुर्चीत टेकले नाहीत तोच उठले. मागे गेले, पुढे आले. कमरेचा मुंडू सोडला, पुन्हा कसला. शेवटी बोट चालवणाऱ्या अनीशच्या मानगुटीवर जाऊन उभे राहिले.

"इंजिन खोकतंय तुझं. तेल कधी बदललंस?"

"गेल्याच आठवड्यात, चेट्टा. तुम्ही बसा की निवांत अम्माजवळ."

"बसून काय करू? अंडी घालू?"

हे सगळं ओरडून. ह्यांनी चौतीस वर्षं सरकारी प्रवासी बोटीच्या पोटात, इंजिनाशेजारी काढली. कान तिथेच गेले. वर सुकाणूवर सारंग असायचा. तो दोरी ओढून खाली घंटा वाजवायचा. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चल. खाली बसून त्याबरहुकूम इंजिन बंद-चालू करायचं, हे ह्यांचं काम.

मला आज ह्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. आमच्या माहेरच्या धक्क्यावरून, वट्टत्तराहून, मी रोज सकाळी सात-चाळीसच्या बोटीनं आलप्पुळ्याला टायपिंगच्या क्लासला जायची. आमची बदकं होती. पहाटे त्यांची अंडी गोळा करायची, मोजायची, सारंगासाठी चार अंडी केळीच्या पानात बांधायची, मग पळायचं. रोज उशीर. आणि रोज बोट माझ्यासाठी थांबलेली! दोन मिनिटं, तीन मिनिटं. माणसं कुरकुर करायची, मी मात्र मान खाली घालून चढायची आणि मनात म्हणायची, खाली इंजिनावर जो कोणी बसलाय, तो माझी वाट बघतोय. एक दिवस तो वर आला. काळाकुट्ट, हातभर ग्रीस. मी धीर करून विचारलं, "बोट तुम्हीच थांबवता ना?" तो हसला. बस्स. त्या हसण्यावर मी वीज मंडळातल्या कारकुनाचं चांगलं चालून आलेलं स्थळ नाकारलं. वडील महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी.

तर तेच एकदा ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, त्याच पाण्यावर. जन्मभर विचारलं की गृहस्थ हसायचे आणि उठून जायचे. आज जाणार कुठे?

कायलचं, म्हणजे खाडीसरोवराचं, मोठं पाणी ओलांडून बोट कालव्यात शिरली. जेवण आलं. तळलेला करीमीन. हे काट्यालाही सोडत नाहीत, पण आज अर्धा मासा तसाच ठेवून उठले.

"काय झालं? मीठ कमी आहे?"

"इंजिन बघून येतो."

"तिसऱ्यांदा? सवत आहे का माझी ती? बसा इथे!"

बसले. पण गुडघा हलतोय, बोटं टेबलावर ताल धरतायत, नजर काठावर. मी म्हटलं, "आता दोन वळणं, की वट्टत्तरा."

"माहितेय."

"मग सांगा ना. तेव्हा रोज माझ्यासाठी बोट थांबवायचात ना? एकदा तोंडानं म्हणा."

ह्यांनी शहाळ्यातली नळी काढली, पुन्हा घातली. मग एकदम म्हणाले, "मी नाही थांबवली."

"काय?"

"मी नाही थांबवली!" काठावर भांडी घासणारी बाई हात थांबवून आमच्याकडे बघायला लागली. "सारंग थांबवायचा! तुझी चार अंडी मिळायची त्याला. मला खाली काय दिसणार? बाजूच्या खिडकीची झडप होती, ती गंजून बसलेली. मी उघडी कधी बघितलीच नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अंडी! म्हणजे मीच रोज लाच नेत होते आणि वर लाजत होते.

"आणि मी विचारलं तेव्हा दात काय काढलेत?"

"तू विचारलंस, बरं वाटलं. मग लग्नच ठरलं. मग कधी सांगू?"

"एक्केचाळीस वर्षांत एक दिवस सापडला नाही तुम्हाला?"

"रोज सांगणार होतो," ते म्हणाले. "अगं, ऐक तरी. खाली मला एवढंच कळायचं, की एक टोल पडला आणि पुढचे दोन पडत नाहीयेत. आधी शिव्या घालायचो, कोण मेलं रोज उशीर करतंय म्हणून. मग सवय झाली. अख्ख्या फेरीत तेवढाच वेळ कानांना शांतता मिळायची. डब्यातला उकडलेला टॅपिओका मी तेव्हाच खायचो. एकदा चार दिवस एवढं थांबायचंच बंद झालं."

"ताप होता मला."

"मला काय ठाऊक? चार दिवस डबा तसाच घरी नेला. पाचव्या दिवशी पुन्हा थांबलो, तेव्हा वर आलो. म्हटलं, बघू तरी कोण आहे."

ऐकलं मी. पण राग कुठे गेला होता! डोळ्यांना पाणी आलं, त्याचाही राग आला. वट्टत्तराचा धक्का समोर आलाच होता. अनीशला म्हटलं, "लाव बोट. मी सरकारी बोटीनं घरी जाते."

उतरले आणि धक्क्याच्या टोकाला बाकावर पाठ करून बसले. बदकांच्या खुराड्याच्या जागी आता कुणाचं तरी सिमेंटचं घर. मागे अनीशची घाई सुरू झाली. "चेट्टा, सरकारी बोट येतेय. जागा सोडायला हवी. अम्मांना काय ते समजवा लवकर."

 तेवढ्यात इंजिन बंद झालं.

वळून बघितलं. किल्ली ह्यांच्या मुठीत. पुढच्या बाजूला खांबाला धरून उभे होते, आणि दिवसभरात पहिल्यांदाच हलत नव्हते.

सरकारी बोट जवळ आली, भोंगा वाजवायला लागली. तिचा सारंग ओरडला, "अरे, धक्का काय विकत घेतलाय का? काढा ती बोट!"

"नाही काढणार!" आमचे दिवाकरन त्याच्या वरताण ओरडले. "माझी बायको यायचीय!"

बोटीतली माणसं कुरकुरायला लागली. कामाची वेळ, रोजचंच हे, कोण आहे ती बाई. मी डोळे पुसले, उठले, साडी झटकली आणि सावकाश, अगदी सावकाश चालत निघाले.