सरकीसकट कापूस
वाती वळताना एखादी सरकी बोटाला लागली, की धुळ्याच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवते. नवसागर पाण्यात विरघळताना पाणी किती गार होतं, ते मोजायचं होतं. बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून बीकरला कापूस गुंडाळायचा. बाकीच्यांचा दुकानातला पांढराशुभ्र, माझा पिंपळनेरच्या शेतातला, सरकीसकट. जोडीतल्या एकीने पारा वाचायचा, दुसरीने लिहायचं. मी नवीन, त्यात बोलणं अहिराणी, त्यामुळे मला जोडीदारीण नव्हती. तरी पारा उतरत गेला तशी मी मोठ्याने वाचत गेले, "अठ्ठावीस, सव्वीस, चोवीस," आणि माझं मीच लिहून घेतलं. "कोनले सांगस, बेटा?" प्रयोगशाळेच्या शिपाईनानांनी आमच्याच बोलीत विचारलं, कोणाला सांगतेस म्हणून. मी पुढचा आकडा वाचला, "बावीस." परवा मला ताप भरला, तेव्हा रिकाम्या घरात थर्मामीटर उजेडात धरून मी मोठ्याने म्हटलं, "एकशे दोन," आणि कागदावर लिहून ठेवलं.