मोकळी ठेवलेली जागा

ये गो बाय, जवळ ये जरा. पुण्याला आहेस म्हणून सुटशील असं वाटलं की काय? तुझा तो रेडिओचा कार्यक्रम झाला, नि "काकी, कसा वाटला?" एवढं विचारून, माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवलास. असं घाईत सांगण्यासारखं आहे का ते? म्हणून लिहायला बसले.

तुझे काका देवळात गाऱ्हाणं घालायचे. शिमग्याला पालखी निघायच्या आधी, नारळ हातात धरून, सगळ्या वाडीसाठी देवाकडे मागणं. त्यांनी एकेक मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून ते उचलून धरायचं. ते गेले, नि त्या आवाजाची एक कॅसेट मागे उरली. मी ती कधी लावली नाही. कपाटात आहे, एवढं मला पुरत होतं.

तीच तू मागितलीस. "प्रयोग करतेय गं काकी. संगीत आणि चित्र, दोन्ही रेडिओवर." मी म्हटलं, चित्र रेडिओवर दिसणार कसं? तर म्हणे, दिसायचं नाही, ऐकायचं. मला हसूच आलं. टपालाने पाठवून दिली.

मग आदल्या दिवशी फोनवर सहज सांगितलंस, की लोकांचे सगळे "व्हय म्हाराजा" कापून टाकलेत. मी तिथेच तुला अडवलं.

"अगो, होकार नसला तर गाऱ्हाणं पोचत नाही! त्यांना असं अर्ध्यावर उभं करून ठेवलंस?"

"काकी, तिथे जागा मोकळी ठेवलीय. ऐक तर खरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बायका पडवीत कोकमं करायला रातांबे फोडत बसलो होतो. हात लालभडक, म्हणून मोबाईल शेजारच्या वहिनीच्या सुनेने लावून दिला. आधी नुसतं खरखर, खरखर. चित्रकार कागदावर कोळसा ओढतोय, असं तू त्यात सांगितलंस. वहिनी म्हणाली, "ह्यापेक्षा माझी खवणी बरी वाजते. तुझ्या पुतणीला सांग, मलाही बोलव म्हणावं रेडिओवर." सगळ्या हसल्या. मग पेटीचा एकच सूर, लांबच लांब. आणि त्यातून ते बोलले.

"बा देवा म्हाराजा, वाडीतली पोरंबाळं सुखरूप ठेव..."

आणि पुढे काही नाही. सूरसुद्धा थांबलेला. मी खाली मान घालून बसले. एवढ्या माणसांत उभं राहून बोलणारा माणूस, आणि त्याला ओ देणारं कोणी नाही.

तेवढ्यात वहिनी, हातातला रातांबा तसाच धरून, सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पुढच्या मागण्याला तिची सून म्हणाली. मग सगळ्याच. मी तेवढी रातांबे फोडत राहिले. शेवटी ते म्हणाले, "मुंबई-पुण्याकडे गेलेल्यांना घरची वाट दाखव." तेव्हा मात्र मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. वहिनीने तसाच लाल हात माझ्या पाठीवर ठेवला. पदराला लागलेला तो डाग अजून गेला नाही.

तू जागा कशासाठी ठेवलीस, ते मला तेव्हा कळलं. पण बाय, आम्ही दिलेले होकार तुझ्या त्या आवाज टिपायच्या यंत्रात कुठे आहेत? ते इथेच पडवीत राहिले. काका गेल्यापासून या घरात तुझं पाऊल पडलेलं नाही. रातांबे संपायच्या आत ये. यंत्र आण, नाहीतर नको आणू. पण तू ये.