आत्यांची माळ आणि दोन अंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. तुम्हालाच का सांगतेय — तुम्ही आमच्या मढ गावचे नाही, म्हणून असेल.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या माळकरी, लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. घरात बाकी सगळे खाणारे. रविवारची कोंबडी शिजायची ती मागच्या पडवीत, तीन विटांवर, वेगळ्या पातेल्यात. मग मी परत अंघोळ करायची, ओटा पुसायचा, तेव्हा कुठे आत्या माझ्या हातचा चहा घेणार. बावीस वर्षं हे केलं. त्या कधी रागावल्या मात्र नाहीत, हे आधीच सांगते. रागावल्या असत्या तर मला बरं पडलं असतं.

चार वर्षांपूर्वी त्या गोठ्यात पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. जुन्नरला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. प्लास्टर झाल्यावर त्यांना बाहेर बाकावर बसवलं, आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. खातात काय? मी खरं तेच सांगितलं — भाकरी, ठेचा, चहा, आणि आठवड्याला दोन उपास. गोठ्यात तीन गाई, पण दूध डेअरीला जायचं.

डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, हाडांना प्रोटीनही लागतं. अंडी खात असतील तर द्या. खात नसतील तर काही अडत नाही. रोज दूध, दोन्ही वेळेला घट्ट डाळ, मोडाची मटकी, हरभरे, शेंगदाण्याचं कूट. शाकाहारात सगळं मिळतं, फक्त नेमानं करा. नीट समजावून सांगितलं हो त्यांनी. मला शब्दन् शब्द कळला होता.

आणि बाहेर येऊन मी काय सांगितलं?

थांबा — जरा दमानं सांगते. एसटी स्टँडवर आम्ही मढच्या गाडीची वाट बघत होतो. माझ्या डोक्यात मटकी भिजवणं, फडक्यात बांधणं, कूट करणं सुरू झालं होतं. कोण करणार हे रोज? त्यापेक्षा दोन अंडी पाण्यात टाकली की झालं. पण नुसता कामाचा कंटाळा म्हटलं, तर तेही अर्धंच खरं. एकदा तरी त्यांनी माझ्या बाजूला यावं, असं वाटलं मला. बावीस वर्षं त्यांच्यासमोर मीच विटाळलेली — त्याचा राग होता. होताच.

"डॉक्टर म्हनले, अंडी खाल्ली न्हाईत तर हाड जुळायचं न्हाई," मी म्हणाले.

आत्या घरी पोचल्यावर माळेची गाठ सोडायला गेल्या, पण एका हातानं जमेना. मग मलाच सोडायला सांगितली. सोडली मी — ह्याच बोटांनी. त्यांनी ती फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली, आणि त्या दिवसापासून त्या देव्हाऱ्याला हात लावत नाहीत. एकादशीच्या भजनाला जात नाहीत. टाळ ऐकू आले की ओसरीवरून उठून मागे गोठ्यात जातात. अंडं खातात — डोळे मिटून, पाण्याच्या घोटाबरोबर, औषध गिळावं तसं.

हाड जुळलं. सून असावी तर अशी, असं गावानं माझं कौतुक केलं. मी ते ऐकूनही घेतलं.

अधूनमधून आत्या विचारायच्या, डॉक्टरांना विचार, आता बंद केलं तर चालेल का? मी जुन्नरला जायची, बाजार करायची, दवाखान्यासमोरून परत यायची आणि सांगायची — अजून नको म्हणतात. एकदा चुकून तोंडातून गेलं, असं म्हणायची सोयही मी ठेवली नाही. किती वेळा? सात-आठदा तरी.

गेल्या आठवड्यात मी अंडी सोलत होते. आत्या जवळ येऊन बसल्या.

"सुरेखा, आता न्हाई इचारायचं डॉक्टरला," त्या म्हणाल्या. "पन मेल्यावं तरी ती माळ माज्या गळ्यात घाल. तवा हाडांचं काय काम?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही मी.

"घालीन," म्हणाले, आणि ताटली त्यांच्यापुढं सरकवली.