इटलीच्या किनाऱ्यावरून येणारे निरोप

त्या प्रकरणाची फाईल मी स्वतःच्या सहीने बंद केली, त्याला काही वर्षं झाली. मनातून मात्र ते अजून गेलेलं नाही. निवृत्तीनंतर लोक मला खुनाचे, दरोड्याचे किस्से विचारतात. मला आधी आठवतं ते हे प्रकरण. यात प्रेत नव्हतं, हत्यार नव्हतं, आणि माझ्या अंगावर वर्दीही नव्हती.

मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या ठाण्यात पोलीस निरीक्षक होतो. मुलीचं बाळंतपण रियाधला होतं, म्हणून महिनाभराची अर्जित रजा घेऊन आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. एका सकाळी ठाण्यातल्या महिला हवालदारांचा फोन आला.

"सर, रजेवर त्रास देतेय. एक बाई तीन दिवस रोज येऊन बसतायत. मुलगी मिसिंग आहे म्हणतात. पण मुलीचे मेसेज रोज येतात."

"मग मिसिंग कशी?"

"त्यांच्याकडूनच ऐका. मुलगी रियाधलाच राहते, म्हणून तुम्हाला फोन केला."

बाईंनी फोन घेतला. आवाज थकलेला होता, पण बोलणं पक्कं.

"सायेब, माझी पोरगी मला कधी लिहून पाठवत नाय. मला वाचता येत नाय, तिला ठावं हाय. ती बोलून पाठवती. आता अकरा दिस झालं, नुसतं लिहिलेलं येतंय. ते पण इंग्रजी अक्षरात. शेजारची पोर वाचून दावती."

मुलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत चांगल्या हुद्द्यावर. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर दहा दिवस फिरायला गेले होते. पहिले आठ दिवस तिचे फोटो आणि बोललेले निरोप येत होते. मग बोलणं थांबलं आणि लिहिणं सुरू झालं. नवरा ठरल्या दिवशी एकटा परत आला. सासूला त्याने सांगितलं, "तिला तिथे फार आवडलं, मैत्रिणीकडे आणखी पंधरा दिवस राहतेय."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. आई ज्या बारकाव्यावर अडून बसते, तो सहसा खोटा निघत नाही. उंच कड्यावरची हॉटेलं, खाली समुद्र, सोबत फक्त नवरा. पुढचा विचार माझ्याही मनात आला आणि हवालदारांच्याही.

उपअधीक्षक साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "दूतावासाकडे पत्र वरून जाईल, उत्तराला वेळ लागेल. तुम्ही तिथे आहात तर गाववाले म्हणून एकदा घर बघून या. पण पोलीस म्हणून नाही. तिथल्या कायद्याला धक्का लागेल असं काही करू नका." ती भारतात उतरली आहे का, हे इमिग्रेशनला विचारणारं पत्रही त्याच दिवशी गेलं.

हे ऐकून माझा जावई घाबरला. "बाबा, इथे तुम्ही माझ्या व्हिजिट व्हिसावर आहात. त्याने तक्रार केली तर माझा इकामा, इथे राहण्याचा परवानाच, जाईल. नोकरी, घर, सगळं खलास."

त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला खालीच गाडीत बसायला सांगितलं.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला मी त्या नवऱ्याच्या दारात उभा होतो. फोनवर त्याला सांगितलं होतं, तुमच्या सासूबाईंच्या गावचा आहे, मुलीकडे आलोय, भेटून जातो. माणूस पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला अदबशीर. "या काका," म्हणाला आणि स्वतः चहा करून आणला.

"आमच्या गावची लेक दिसत नाही?"

"नाही ना. ती इटलीतच आहे अजून. बघा, फोटो दाखवतो."

फोटो सुंदर होते. कड्याला चिकटलेली रंगीत घरं, लिंबांच्या बागा, बोटीत बसलेली ती, वाऱ्याने उडणारे केस धरून हसणारी. मी सावकाश बघत गेलो. शेवटच्या दोन दिवसांत ती कुठेच नव्हती. नुसता समुद्र, आणि एका टेबलावर एकच ताट.

"मैत्रीण तिथलीच का?"

"हो. म्हणजे, नोकरीला आहे तिथे."

"नाव काय त्यांचं? गावाकडे विचारतील."

त्याने नाव सांगितलं, पण आधी चहाचा एक घोट घेतला. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा असाच वेळ काढतो.

तेवढ्यात माझी नजर बेडरूमच्या दाराकडे गेली. दाराला बाहेरून कडी होती. मागाहून बसवलेली, बाकीच्या घराशी न जुळणारी. आणि ती लावलेली होती. माझ्याकडे वॉरंट नव्हतं, सोबत शिपाई नव्हता, आणि त्या देशात मी कोणीच नव्हतो.

साडेचारला, म्हणजे गावाकडे सात वाजता, आईने मुलीच्या नंबरवर फोन लावायचा, असं मी हवालदारांशी ठरवून आलो होतो. मी घड्याळाकडे बघत राहिलो आणि त्याला गावातल्या साखर कारखान्याबद्दल काहीबाही सांगत राहिलो.

साडेचार वाजले आणि कडी लावलेल्या दारामागे फोन वाजायला लागला.

तो हलला नाही. मीही हललो नाही. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजला.

"अहो, आत कोणीतरी आहे," मी म्हणालो.

"कोणी नाही. ती... ती फोन विसरून गेली."

"इटलीत राहिलेली बाई फोन रियाधला विसरली? मग सासूबाईंना रोज निरोप कोण लिहितं?"

"काका, तुम्ही नक्की कोण आहात?"

"मी पोलीस आहे. इथे मला काही अधिकार नाही, तुम्ही मला आत्ता हाकलू शकता. पण त्या बाई आमच्या ठाण्यात तीन दिवस बसून आहेत, आणि दूतावासाला पत्र निघालंय. दार उघडा."

त्याने उघडलं. खोली रिकामी होती. पलंगावर चादर घडी न मोडता घातलेली, आणि उशीशी चार्जिंगला लावलेला फोन. मी दारातूनच पाहिलं, आत पाय ठेवला नाही.

तो मटकन खुर्चीत बसला. "मी काही केलं नाही हो तिला. ती निघून गेली. आठव्या दिवशी मी पोहायला गेलो होतो, आलो तर नव्हती. लोकांना काय सांगणार? वाढदिवसाच्या ट्रिपवरून बायको सोडून गेली म्हणून? वाटलं, चार दिवसांत येईल परत. तोवर कोणाला कळू नये."

पाकिटातून त्याने हॉटेलच्या छापील कागदावरची चिठ्ठी काढली. 'मी जाते. माझा पासपोर्ट मी घेतला आहे, तुमचा काउंटरवर आहे. मला शोधू नका.'

मी चिठ्ठीचा फोटो घेतला. संध्याकाळी हवालदारांनी आईच्या घरच्या जुन्या वह्यांशी अक्षर ताडून पाहिलं. अक्षर तिचंच होतं. पण चिठ्ठी बळजबरीनेही लिहून घेता येते. पुढचे दोन दिवस मला नातवाला मांडीवर घेऊनही चैन नव्हतं. तिसऱ्या दिवशी इमिग्रेशनचं उत्तर आलं. चिठ्ठी लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बंगळूरला उतरली होती, एकटी.

आईने बंगळूरच्या एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. तिथल्या महिला पोलीस त्या मैत्रिणीच्या घरी गेल्या, जबाब घेतला आणि तिच्या संमतीने मला फोन जोडून दिला.

"तुमची आई काळजीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही सुखरूप आहात ना?"

"आहे. आईला कळवणार होते, जरा पाय टेकले की. तो माझ्या नावाने निरोप पाठवत असेल, हे मनातही आलं नाही." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "साहेब, मला पुन्हा परत पाठवणार का?"

"पुन्हा म्हणजे?"

"तुम्हाला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आले होते, तेव्हा तुम्ही जिल्ह्याच्या महिला तक्रार कक्षात होतात, तिथे तुमच्यासमोर बसले होते. एकटीच आले होते, आईला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, मारतो का? मी म्हणाले, मारत नाही, कोंडतो. पासपोर्ट, इकामा कपाटात ठेवतो, कामावर जाताना बेडरूमला बाहेरून कडी लावतो. त्याने कागद केल्याशिवाय मला तो देश सोडता येत नाही. तुम्ही त्याला तिथूनच फोन लावलात. म्हणालात, अहो, बायकोला जरा वेळ द्या, कुठे समुद्रावर वगैरे घेऊन जा. आणि मला परत पाठवलंत."

लिहून घेत होतो ते पेन मी खाली ठेवलं.

"त्याने नेलं, साहेब. आणि ते आठ दिवस फार चांगला वागला. मला वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आठव्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट माझ्या हातात दिले. विमानतळ सोडून कुठे माझा पासपोर्ट माझ्या हातात आला नव्हता, रियाधला गेल्यापासूनच्या चार वर्षांत. ठरवलं काहीच नव्हतं. काउंटरवरूनच मैत्रिणीला फोन केला, तिने तिकीट काढलं. मोबाईल मुद्दाम ठेवला, तो त्यावरून माग काढायचा."

"तुम्हाला कोणी कुठे पाठवणार नाही," मी एवढंच म्हणालो.

त्या संध्याकाळी हवालदारांच्या फोनवरून आईला मुलीचा आवाज ऐकवला. आई बराच वेळ नुसती "बोल गं, बोल" म्हणत होती. पत्ता आम्ही कोणालाच दिला नाही. नवऱ्याने तीनदा मला फोन केला. "बायको आहे माझी, पत्ता द्या." मी सांगितलं, सज्ञान व्यक्ती आहे, स्वेच्छेने गेली आहे, तपास संपला.

रजेवरून परतल्यावर तो जुना अर्ज मी शोधून काढला. खाली माझ्याच अक्षरात शेरा होता. 'मारहाण नाही. किरकोळ घरगुती मतभेद. उभयतांस समज दिली. अर्ज निकाली.' तो शेरा लिहिला त्या दिवशी एक संसार वाचवला म्हणून मी समाधानाने जेवलो असेन. त्या वेळी मी दुसरा एखादा प्रश्न विचारला असता, तर तिला परक्या देशातून एका पिशवीनिशी पळावं लागलं नसतं.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत, समोर बसलेल्या बाईला मी "मारतो का?" हा पहिला प्रश्न कधी केला नाही. मी विचारायचो, "घराची किल्ली तुमच्याकडे असते का?" उत्तर द्यायला कित्येकींना फार वेळ लागायचा. मी पेन खाली ठेवून थांबायचो.