आमच्या शेजाऱ्यांचा राजा

आजवर कुठल्याही राजाने आपल्या प्रजेला छळलं नसेल तेवढं आमच्या शेजाऱ्यांच्या राजाने मला छळलं, आणि मी तर त्याच्या प्रजेतलासुद्धा नव्हतो. शेजारी भातसानगरला धरणाच्या दरवाजांवर मिस्त्री होते, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. मी त्याच धरणाच्या ऑफिसात कारकून. आमच्या क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती, आणि ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतली बहुतेक वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे कपाळाला हात लावून बसण्यात घालवली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं (थोडक्यात मी सांगतोय, त्यांना जेवणाची वेळ टळेपर्यंत लागायचं): राजा एकच, आणि तो देव. पूर्वी इस्राएल लोकांनी आजूबाजूच्या देशांचं बघून शमुवेल संदेष्ट्यापाशी हट्ट धरला, की आम्हालाही माणसांतला राजा पाहिजे. शमुवेलाने बजावलं, तो तुमचे मुलगे रथापुढे धावायला नेईल, मुली भाकऱ्या भाजायला नेईल, चांगली शेतं काढून घेईल. लोकांनी ऐकलं नाही आणि भोगलं. हे सगळं मिस्त्रींनी कॉलनीच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष निवडायच्या सभेत उभं राहून सांगितलं. मंडळाची एकूण मालमत्ता एक कॅरम बोर्ड, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार मी. मुलींना भाकऱ्या भाजायला नेणार म्हटल्यावर बायकांच्या बाजूला कुजबुज झाली, आणि मी पडलो. वर हेच गृहस्थ माझं सांत्वन करायला घरी आले आणि चहा पिऊन म्हणाले, की तुम्हाला मोठ्या पापातून वाचवलं.

बरं, देव राजा आहे म्हणावं तर त्याने राजासारखं वागावं, तेही नाही. त्यांचा राजा मागून आणलेल्या गाढवावर बसून शहरात आला, शिष्यांचे पाय त्याने स्वतः धुतले, आणि मुकुट मिळाला तो काट्यांचा. यावरून मिस्त्रींनी असा कायदा काढला होता, की अशा राजाच्या माणसाने नेहमी सगळ्यांच्या शेवटी असावं. शहापूरच्या एसटीत ते आधी सगळ्यांना चढवत, मी सोबत असलो तर मलाही धरून ठेवत, आणि कंडक्टर घंटी मारून मोकळा होई. लग्नाला पाहुणा म्हणून बोलवावं तर हे पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरत. यजमान बिचारा ओशाळून त्यांच्या मागे धावे, आणि आम्ही बरोबर आलेले लोक परतीच्या वाटेकडे डोळे लावून ताटकळत बसू.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं ते मुरबाडकडे, म्हशाजवळच्या एका शेतकरी घरात. मुलगा गुणी, तिला मनापासून आवडलेला. अडचण एकच, मुलाचे थोरले काका. मानपानात उणं राहिलं म्हणून त्यांनी पूर्वी एकदा भरल्या मांडवातून वऱ्हाड माघारी नेलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रींना हात जोडून सांगितलं, की उद्या तेवढं सांभाळा. ते म्हणाले, पाहुण्यांचे पाय धुवायचं काम मला द्या. मला वाटलं, चला, एकदाचा यांचा राजा माझ्या उपयोगी पडला.

काकांना पाटावर बसवून मिस्त्रींनी त्यांचे पाय परातीत घेऊन इतक्या मायेने धुतले आणि पुसले, की काकांची कळी खुलली. ते उठले, आणि मिस्त्रींनी त्याच पाटावर वऱ्हाडाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला बसवलं. त्याच्यानंतर सनईवाल्याला. काकांनी वळून बघितलं.

"ज्या पाटावर आमी, त्याच पाटावर डायवर?" ते मोठ्याने म्हणाले. "मान ठेवला नाय तुमी. चला रे, गाडीत बसा."

वऱ्हाड उठायला लागलं. आतल्या खोलीत माझी मुलगी पिवळ्या साडीत मुंडावळ्या बांधून बसली होती, तिच्यापर्यंत ते शब्द गेले. मी रडकुंडीला येऊन मिस्त्रींना म्हटलं, की आता पुरे करा. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "भाऊ, या राजाच्या घरी परात एकच असते."

सनईवाल्याचे पाय पुसून झाले आणि मिस्त्री उठायला गेले, तर गुडघे धरले. धिप्पाड माणूस, तोल गेला आणि हाताला लागलं ते त्यांनी पकडलं. ते काकांचं धोतर होतं. काकांनी एका हाताने धोतर सावरलं आणि दुसऱ्याने मिस्त्रींची बगल धरली. दुसरी बगल ड्रायव्हरने धरली. चिखलात बसलेला बैल काढावा तसा दोघांनी एकमेकांना सांगून जोर लावला. परात कलंडली आणि काका गुडघ्यापर्यंत भिजले. आधी ड्रायव्हरला हसू फुटलं. काका त्याच्यावर डोळे वटारायला गेले, पण त्यांनाही आवरेना.

"यांला बसवा रे आधी कुठं तरी," ते धापा टाकत म्हणाले. "लगीन काय पळून जात नाय."

अक्षता वेळेवर पडल्या.

संध्याकाळी मुलगी सासरी गेल्यावर रिकाम्या मांडवात मिस्त्री गुडघे शेकत बसले होते. दिवसभर गिळलेला राग मी तिथे ओकला. माझ्या पोरीचं लग्न मोडलं असतं, तर तुमचा राजा आला असता का दुसरं स्थळ शोधायला? एरवी लगेच शास्त्रवचन काढणारा हा माणूस गुडघ्यावरचं फडकं नुसतं नीट करत राहिला.

"वऱ्हाड उठलं तेव्हा मी मुद्दाम वर बघितलं नाही, भाऊ," ते म्हणाले. "पोरगी दारात दिसली असती तर मी थांबलो असतो."

मग त्यांनी गुडघ्यावरचं फडकं उचलून डोळ्यांना लावलं. तिला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

निवृत्त झाल्यावर ते नगरला गेले, आणि काही वर्षांनी तिकडून ते गेल्याचा फोन आला. मुलगी ओक्साबोक्शी रडली. मी मात्र दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसत होतो. भांडायला हक्काचं माणूस उरलं नाही, की असं होतं. त्यांच्या राजावर माझा कधी विश्वास बसला नाही, आजही नाही. तरी त्याच्याकडे एक मागणं आहे. हे गृहस्थ त्याच्या दाराशी नक्की उभे असतील, मागून येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडत. त्यांचे गुडघे फार दुखतात. त्याने स्वतः बाहेर येऊन त्यांना खाली बसवावं.