खाज थांबली तेव्हा

करंजाच्या तेलाचा वास आला की वडिलांची, आमच्या आबांची, नडगी डोळ्यांसमोर येते. तिथला जाड, जांभळट चट्टा ते वर्षानुवर्षं खाजवायचे आणि आई त्यावर हे तेल चोळायची. एका उन्हाळ्यात खाज थांबली, तेव्हा आईने आनंदाने शिरा केला. मग त्याच चट्ट्यावर टणक गाठ आली, तिच्यातून रक्त यायला लागलं आणि मी त्यांना दोंडाईच्याहून जळगावला नेलं. "आते खाजत नही, बरं व्हई ऱ्हायनं," आबांनी डॉक्टरांना समजावलं. डॉक्टर त्यांच्या जांघेत गाठी आल्यात का ते चाचपत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अशा जुन्या चट्ट्यात कधीकधी कॅन्सर होतो. तुकडा काढून तपासू." आबांनी धोतर खाली ओढून नडगी झाकली. आता माझ्या मनगटावर तसाच चट्टा आहे. तो खाजला की मला बरं वाटतं.